घरातल्या माणसाला नैराश्य आले तर पहिले तीन महिने कसे काढावेत

नैराश्य घरातल्या एका माणसाला येते, पण त्याचे पहिले निदान बहुधा घरचेच लोक करतात आणि ते बहुधा चुकते. तरुण मुलगा असेल तर आळस, सून असेल तर नखरे, आजोबा असतील तर ‘आता वय झाले’, आणि यांपैकी कशातच बसत नसेल तर बाहेरची बाधा. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार साधारण दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेले असते, आणि बहुतेक मानसिक आजारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविना राहतात. उपचारांविना राहणाऱ्यांचा हा आकडा काही अंशी डॉक्टरांच्या कमतरतेमुळे आहे, पण त्याचा मोठा भाग आपल्या घरांत, ‘बघू, होईल कमी’ या वाक्यात अडकलेला आहे.

ज्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडते आहे, अशा नातेवाइकांसाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. या काळात घरच्यांनी समजावण्याचे काम जवळपास सोडून द्यावे आणि व्यवस्थेचे काम हाती घ्यावे. डॉक्टरांची वेळ घेणे, सोबत जाणे, गोळ्या सांभाळणे, झोप आणि जेवण यांची नोंद ठेवणे, पाहुण्यांना आवरणे ही कामे साधी दिसतात, पण उपदेशाने जे होत नाही ते त्यांनी होते.

आधी पंधरा दिवस मागे वळून पाहावे

कुणी गेले, नोकरी गेली, परीक्षेत अपयश आले तर माणूस खचतोच, आणि प्रत्येक दुःखाला आजार म्हणणे योग्य नाही. डॉक्टर नैराश्याचा विचार करतात तो मन उदास राहणे किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणे यांपैकी निदान एक लक्षण दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे टिकले असेल तेव्हा. त्याच्या जोडीला झोप आणि भूक बिघडणे, सतत थकवा, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे किंवा उगाच तगमग होणे, आपण कुचकामी आहोत अशी अपराधी भावना आणि मरणाचे विचार यांपैकी काही लक्षणे असतात. एका जागी बसून गेल्या पंधरा दिवसांतले काय बदलले ते आठवावे आणि शक्य तेवढे नेमके लिहावे. ‘हल्ली गप्प असतात’ यापेक्षा ‘पहाटे तीनला उठून बसतात, पेपर उघडतात पण पान उलटत नाहीत, भाजी आणायला जाणे बंद केले’ ही नोंद फार उपयोगाची ठरते.

आपल्याकडे अनेक माणसे, विशेषतः वयस्कर आणि खेड्यातली, उदास वाटते असे म्हणतच नाहीत. डोके जड होते, पित्त उसळते, अंगात कणकण राहते, पाठ भरून येते, छातीत धडधडते अशाच तक्रारी येतात, आणि एकामागून एक तपासण्या स्वच्छ निघत जातात. अशा वेळी ‘तुला काहीच झालेले नाही’ असे म्हणू नये, कारण दुखणे खरेच असते. त्याच वेळी उलट बाजूही तपासून घ्यावी. थायरॉइडचे काम मंदावणे, रक्त कमी असणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही नैराश्यासारखीच लक्षणे दिसतात, म्हणून सुरुवातीला नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडून या साध्या रक्ततपासण्या करून घेणे शहाणपणाचे आहे.

विषय कसा काढावा

चारचौघांत, जेवणाच्या ताटावर किंवा भांडणाच्या ओघात हा विषय काढू नये. एकट्याने, शांत वेळी, आपण पाहिलेली गोष्ट सांगावी आणि सोबतीची तयारी दाखवावी. मुलगा वडिलांना असे म्हणू शकतो: “बाबा, गेले पंधरा दिवस तुम्ही पहाटे उठून बसलेले दिसता, जेवणही कमी झाले आहे. मला काळजी वाटते. आपण एकदा डॉक्टरांना दाखवू. मी रजा काढून बरोबर येतो.” यात कारण विचारलेले नाही, दोष दिलेला नाही आणि ‘मानसिक’ हा शब्दही घाईने आणलेला नाही. तो शब्द लपवावा असे नाही, पण पहिल्याच वाक्यात आला तर ‘मला वेडा ठरवता काय’ हे उत्तर ठरलेले असते. झोपेची तक्रार बहुतेकांना मान्य असते, तेव्हा तिथून सुरुवात करणे सोपे जाते.

‘सगळे तर आहे तुझ्याकडे, मग कसले टेन्शन?’, ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘जरा बाहेर फिरून ये, बरे वाटेल’ ही वाक्ये आपण प्रेमानेच बोलतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यांतून एवढेच कळते की आपले दुखणे यांना पटलेले नाही. त्याऐवजी गप्प बसून ऐकावे, मध्येच तोडू नये, आणि रडू आले तर रडू द्यावे. नकार आला तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा विचारावे. दरम्यान घरातल्या ज्याचे ऐकले जाते त्याला, मग ती मावशी असो वा धाकटा भाऊ, विश्वासात घ्यावे.

मरणाचे विचार आहेत का, हे विचारावे

नातेवाईक सर्वांत जास्त घाबरतात ते याच प्रश्नाला. विचारले तर उलट तो विचार डोक्यात भरवल्यासारखे होईल, अशी भीती असते. तसे होत नाही. विचारल्याने आत्महत्येचा धोका वाढत नाही, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलेले आहे, आणि पुष्कळदा त्या माणसाला कुणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. प्रश्न सरळ असावा: “जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?” उत्तर ‘हो’ आले तर दचकून ओरडू नये, मुलाबाळांच्या शपथा घालू नयेत. काही ठरवले आहे का, हेही विचारावे. ठरवलेले असेल, निरवानिरवीची भाषा असेल, पैशांचे कागद दुसऱ्याच्या हाती सोपवणे चालू असेल किंवा पूर्वी एकदा प्रयत्न झालेला असेल, तर त्या दिवशी त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १४४१६ हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी मदतसेवेचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. ती निःशुल्क आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. नातेवाइकांनीही तिथे फोन करून काय करावे ते विचारायला हरकत नाही. जीव धोक्यात असेल तर मात्र तिथे बोलण्यात वेळ न घालवता ११२ हा आपत्कालीन क्रमांक किंवा सरळ जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग.

याबरोबरच घरातली धोकादायक साधने हलवावीत, आणि हे काम त्या माणसाशी बोलून, पण नक्की करावे. शेतकरी घरात फवारणीची औषधे ओट्याखाली किंवा पलंगाखाली ठेवलेली असतात. ती घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. शिल्लक राहिलेल्या जुन्या गोळ्या काढून टाकाव्यात. यात अविश्वास दाखवण्याचा भाग नाही. जीव द्यावा ही ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते, आणि तेवढा वेळ साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो.

प्रयत्न झालाच, तर पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून काही लपवू नये, कारण काय घेतले हे कळल्याशिवाय योग्य उपचार होत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि त्यासाठी तिला शिक्षा केली जात नाही. रुग्णालयातून पोलिसांकडे नोंद जाऊ शकते, तिला घाबरण्याचे कारण नाही.

कोणाकडे जावे

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. गोळ्या तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्याच्या पद्धतशीर उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले असतात आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो, तेव्हा शिक्षण विचारून घ्यावे. विचारण्यात गैर काही नाही. झोप आणि जेवण तुटले असेल, मरणाचे विचार असतील किंवा भास होत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. लक्षणे सौम्य असतील तर मानसशास्त्रज्ञापासून सुरुवात केली तरी चालते.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोक ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात तिथे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाह्यरुग्ण विभाग चालतो. तज्ज्ञ रोज असतात की ठरावीक वारी, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे आणि सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत, आणि तिथे गेले म्हणजे दाखल करून घेतात हा समज चुकीचा आहे. गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे.

देवदर्शनाने मनाला उभारी येत असेल तर जरूर जावे, पण गोळ्या चालू ठेवून. बाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत.

पहिल्या भेटीला एक कागद न्यावा

सरकारी बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना मिळणारी मिनिटे थोडी असतात, आणि रुग्णाला त्या दिवशी बोलायचा कंटाळा असतो. म्हणून आदल्या रात्री एका कागदावर लिहून ठेवावे: त्रास केव्हापासून, काय काय बदलले, आधी असे कधी झाले होते का, घराण्यात कुणाला मानसिक आजार किंवा आत्महत्येचा इतिहास आहे का, सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्या (आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसुद्धा), दारू-तंबाखूचे खरे प्रमाण. स्त्री रुग्ण असेल तर गर्भधारणा, बाळंतपण किंवा अंगावर पाजणे. बाळंतपणानंतरचे नैराश्य आपल्याकडे ‘ओली बाळंतीण आहे, होते असे’ म्हणून झाकले जाते, तेव्हा ही नोंद विसरू नये.

आणखी एक प्रश्न, जो घरच्यांशिवाय कुणी सांगू शकत नाही: पूर्वी कधी याच्या अगदी उलट काळ आला होता का? दोन-तीन तास झोपूनही ताजेतवाने असणे, अखंड बडबड, मोठमोठ्या योजना, हातचे पैसे उधळणे असा आठवडाभराचा काळ येऊन गेला असेल, तर आजार द्विध्रुवीय (बायपोलर), म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह यांचे झोके घेणारा, असू शकतो. अशा रुग्णाला नुसत्या नैराश्यविरोधी गोळ्या दिल्या तर उन्माद उसळू शकतो, म्हणून ही माहिती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत मिळायला हवी.

आत गेल्यावर घरच्यांनी आपले सांगून झाल्यावर स्वतःहून बाहेर यावे. सुनेला सासूसमोर, मुलाला वडिलांसमोर सगळे बोलता येत नाही. त्रासाचे मूळ घरातल्या मारहाणीत किंवा छळात असेल तर गोळी एकटी पुरणार नाही. त्यासाठी १८१ ही महिला मदतवाहिनी आहे.

गोळ्यांचे पहिले दोन महिने

माझ्या पाहण्यात उपचार सर्वाधिक सुटतात ते इथे, आणि त्याला कारण आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्यविरोधी गोळ्यांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण मागाहून येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड, बेचैनी, झोप कमी किंवा जास्त होणे असे काही ना काही होते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पुरता फरक कळायला सहा ते आठ. म्हणजे आठव्या दिवशी हिशेब मांडला तर उपचार तोट्यातच दिसणार. ‘गोळीने उलट त्रास वाढला’ असे म्हणून घरातलेच कुणी ती बंद करायला लावते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना फोन करावा. मात्रा कमी करता येते, वेळ बदलता येते, गोळी बदलता येते. लैंगिक इच्छा कमी होणे हाही माहीत असलेला परिणाम आहे आणि संकोचामुळे तो कुणी सांगत नाही. सांगावा, त्यावरही मार्ग असतो.

या आठवड्यांत एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. मन सावरण्याआधी अंगातली शक्ती परत येते, आणि तोवर निराशा तशीच असते. पंचविशीच्या आतील रुग्णांत तर सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. बेचैनी एकदम वाढली, झोप पूर्ण उडाली किंवा माणूस अचानक विलक्षण शांत झाला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

‘सवय लागेल’ ही भीती दोन वेगळ्या गोळ्यांची सरमिसळ करते. क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या व घबराटीच्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठी देतात आणि आपणही जुनी चिठ्ठी दाखवून त्या परस्पर आणू नयेत. नैराश्यविरोधी गोळ्यांची तशी ओढ लागत नाही. मात्र त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या असा त्रास होतो, म्हणून त्या हळूहळू कमी कराव्या लागतात. पहिले काही आठवडे गोळ्यांचा डबा घरच्यांच्या ताब्यात असावा, रोजची गोळी हातात द्यावी आणि एकावेळी थोड्याच आणाव्यात. दारू या काळात पूर्ण बंद.

शाळेची साधी शंभर पानी वही घेऊन रोज एक ओळ लिहावी: झोपेचे तास, जेवण, गोळी घेतली का, आणि दिवस कसा गेला याला दहापैकी किती गुण. ते गुण त्या माणसाने स्वतः द्यावेत. ‘मंगळवार, झोप चार तास, दुपारी अर्धी भाकरी, गोळी घेतली, दोन’ एवढे पुरे. महिन्याने उलटून पाहिले की दोनाचे चार झालेले दिसतात, आणि रुग्णाला स्वतःला तो फरक जाणवलेला नसतो.

दिवसाला आकार द्यावा

मन लागले की काम करीन, असे रुग्ण म्हणतो. नैराश्यात हा क्रम उलटा चालतो; थोडे काम झाले की मन थोडे लागते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ या संस्थेने याच तत्त्वावर बेतलेला उपचार करून पाहिला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना छोट्या-छोट्या कामांकडे परत नेले, आणि तीन महिन्यांनी त्यांची स्थिती केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या रुग्णांपेक्षा चांगली होती. २०१७ साली तो अभ्यास ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

घरी हे करताना काम इतके लहान ठेवावे की नाही म्हणता येऊ नये: सकाळी सातला गॅलरीत बसून चहा, कुंड्यांना पाणी, मेथी निवडणे, कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध आणणे. आधी जे आवडत होते त्यातूनच निवडावे, वेळ ठरवावी आणि पहिले काही दिवस सोबत करावे. न जमल्यास टोमणा मारू नये, जमल्यास टाळ्याही वाजवू नयेत. मोठ्या माणसाला मेथी निवडल्याबद्दल शाबासकी मिळणे अपमानास्पद वाटते. रात्री कितीही उशिरा झोप लागली तरी उठण्याची वेळ एकच ठेवावी. नोकरी सोडणे, घर विकणे, घटस्फोट असले निर्णय शक्यतो पुढे ढकलावेत.

घरातले आणि बाहेरचे लोक

एका छताखाली राहणाऱ्या मोठ्यांना सांगावे. बाकी कुणाला सांगायचे ते रुग्णाने ठरवावे. मुलांना त्यांच्या वयाला समजेल असे सांगावे: “आईला एक आजार झाला आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, डॉक्टरांचे औषध चालू आहे.” न सांगितले तर मुले दोष स्वतःकडे घेतात. ‘लग्न करून द्या, ठीक होईल’ हा सल्ला मात्र ठामपणे नाकारावा. लग्न हा उपचार नव्हे, आणि आजार लपवून केलेले लग्न दोन घरांना त्रास देते.

सांभाळणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते आणि ती बहुतेक वेळा बाई असते. आठवड्यातला निदान एक अर्धा दिवस दुसऱ्या कुणी जबाबदारी घ्यावी, आणि परगावच्या भावंडांनी फोनवर सल्ले देण्याऐवजी एखादा खर्च किंवा एखादी रुग्णालयाची खेप उचलावी. सांभाळणाऱ्याची झोप पंधरा दिवस बिघडली असेल तर त्याने स्वतःलाही दाखवून घ्यावे.

खर्च, विमा आणि दाखल करणे

गोळ्यांचे जेनेरिक पर्याय जनऔषधी केंद्रांत बरेच स्वस्त मिळतात. डॉक्टरांना तसे लिहून द्यायला सांगावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. बहुतेक पॉलिसी दाखल होण्याचाच खर्च देतात, त्यामुळे बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च आपलाच धरून चालावे. दावा केवळ ‘मानसिक आजार’ म्हणून फेटाळला तर लेखी कारण मागावे आणि विमा लोकपालाकडे जावे.

दाखल करण्याची वेळ आली आणि रुग्णाला स्वतः निर्णय घेणे शक्य नसेल, तर याच कायद्याच्या कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीच्या, अर्जावर तीस दिवसांपर्यंत दाखल करता येते. आपला प्रतिनिधी कोण असावा हे रुग्ण बरा असताना लेखी ठरवू शकतो. विजेचे उपचार, म्हणजे लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात ते, सुचवले गेले तर घाबरून जाऊ नये. आज ते भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच करता येतात, त्याशिवाय करण्यास कायद्याने बंदी आहे, आणि जेवणखाण सोडलेल्या अतितीव्र नैराश्यात ते लवकर गुण देतात.

बरे वाटू लागल्यावर

तिसऱ्या महिन्याच्या आसपास माणूस हसू-बोलू लागतो, आणि ‘आता कशाला गोळ्या’ हा प्रश्न घरातूनच येतो. पहिल्यांदाच आजार झालेला असेल तरी पूर्ण बरे वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवण्याची शिफारस केली जाते, आणि आजार पुन्हा-पुन्हा येत असेल तर त्याहून जास्त. लवकर थांबवल्यास तो उलटण्याची शक्यता वाढते. याच दिवसांत, रुग्ण मोकळेपणाने बोलत असताना, आजाराची सुरुवात कशी झाली होती ते त्याच्याच शब्दांत वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यावे. कुणाची पहाट लवकर होते, कुणाचे फोन उचलणे बंद होते, कुणी देवपूजा चुकवू लागतो. त्याखाली डॉक्टरांचा क्रमांक, १४४१६ आणि गोळ्यांची नावे व मात्रा लिहावी. यांपैकी दोन खुणा आठवडाभर दिसल्या तर कुणी कुणाला विचारायचे आणि कधी दवाखान्यात जायचे, हे रुग्णाच्या संमतीने तेव्हाच ठरवून त्या पानावर तारीख टाकावी.